रेस अडकणं हा गाडीचा स्वभाव नसतो



आज बोंडअळी नाही, तुरीचा मर नाही, सोयाबीनचा भाव नाही. आज रेसबद्दल लिहितो. रेस म्हणजे एक्सलेटर. ट्रॅक्टरचा, जुन्या जीपचा, पिकअपचा. पाय काढला तरी वर न येणारा, किंवा दोन सेकंदांनी येणारा, किंवा बुटाच्या टोकानं खालून उचलला तरच येणारा.

सरळच लिहितो, कोणाला राग आला तर येऊ द्या. ज्या गाडीची रेस अडकते, त्या गाडीच्या मालकाला ते माहीत असते. शंभरातल्या शंभर मालकांना माहीत असते. पहिल्यांदा अडकली तेव्हाच माहीत होते. मग तो ते दुरुस्त करत नाही, तो फक्त पुढच्या माणसाला सांगून ठेवतो: "रेस थोडीशी अडकते बरं का, तिचा स्वभावच हाय. पायानं झटका देजो, येते वर."

स्वभाव बैलाला असतो. एखादा बैल मारका असतो, एखादा बसका असतो, ते आपण समजू शकतो. लोखंडाला स्वभाव नसतो. लोखंडाला गंज असतो, धूळ असते, तुटलेली स्प्रिंग असते. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यानं दिसते आणि हातानं काढता येते. तिला स्वभाव म्हटलं की पाहायचं काम संपते. म्हणून हा शब्द मला खटकतो.

आधी रेस काम कशी करते ते दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण इथंच अर्धा गोंधळ आहे.

आपल्या जुन्या डिझेल मशीनमध्ये रेस दाबली की हवा कमी-जास्त होत नाही, डिझेल कमी-जास्त होते. पायाखालच्या पेडलपासून एक दांडी किंवा वायर निघते, ती डिझेल पंपावरच्या लिव्हरला जाऊन मिळते. लिव्हर पुढं गेली की पंपाच्या आतला गव्हर्नर मशीनला जास्त फेरे देतो. पाय काढला की स्प्रिंग ती लिव्हर मागं ओढते आणि मशीन स्लोवर येते. म्हणजे रेस वाढवायला माणसाचा पाय आहे, पण कमी करायला फक्त स्प्रिंग आहे. वाढवायचं काम ताकदवान माणूस करतो आणि कमी करायचं काम एक बोटभर तार करते. ती तार थकली, किंवा तिच्या वाटेत काही आडवं आलं, की मशीन तुमचं ऐकत नाही.

ट्रॅक्टरला आणखी एक भानगड आहे. त्याला पाय-रेस आणि हात-रेस अशा दोन्ही असतात. हात-रेस जिथं ठेवली असेल, पाय-रेस त्याच्या खाली येत नाही. वावरात रोटाव्हेटर मारताना हात-रेस वर ठेवली, काम झालं, ट्रॉली जोडली आणि तशीच डांबरी सडकेवर काढली, तर पाय कितीही काढा, मशीन खाली बसणार नाही. पुष्कळ लोक यालाच "रेस अडकली" म्हणतात. ती अडकलेली नसते, तुम्हीच वर ठेवलेली असते. म्हणून सडकेवर लागायच्या आधी हात-रेस पूर्ण खाली, हा नियम. हात-रेसचा खटका ढिला झाला असेल तर ती हादऱ्यानं आपोआप सरकते आणि फार घट्ट असेल तर पाय-रेसलाही अडवते. तेही तपासा.

आता आपल्याच भागात हा रोग इतका काहून आहे?

एक, आपली काळी माती. ओली असली की चिकट, वाळली की पिठासारखी. पेडलच्या बुडाशी आणि सांध्यांवर ती बसते. त्यात डिझेल-ऑइलचा ओलावा मिसळला की तिची लापशी होते, आणि लापशी वाळली की खळ. पेडलचा बूश असा जाम होतो.

दोन, कुटार आणि कापसाचा धागा. थ्रेशरवर सोयाबीन काढताना ट्रॅक्टर दिवसभर कुटाराच्या धुरळ्यात उभा असतो. कापूस भरताना रुईचे धागे उडतात. हे सगळं पंपाच्या लिव्हरपाशी, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाऊन बसते. स्प्रिंगच्या वेटोळ्यात कुटार भरलं की ती पूर्ण मिटत नाही, आणि न मिटलेली स्प्रिंग लिव्हर पूर्ण मागं आणत नाही.

तीन, खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पूर्णेच्या दोन्ही अंगांची आपली गावं. बोअरचं पाणी जिथं पिकाला चालत नाही तिथं तेच पाणी आपण गाडी धुवायला वापरतो. त्या क्षारानं स्प्रिंग आणि वायर गंजते. गाडी वरून चकचकीत, आतून वायर खरखरीत.

चार, उंदीर. पावसाळ्यात गोठ्यात उभी राहिलेली गाडी म्हणजे उंदराचं घर. वायरचं वरचं प्लॅस्टिक तो कुरतडतो, तिथून पाणी आत जाते.

पाच, गॅरेजवाल्याची घाई. मशीन उतरवली, परत चढवली, आणि वायर सायलेन्सरच्या अंगावरून नेली. गरम झाली की आतलं प्लॅस्टिक वितळते, वायर चिकटते, आणि थंड झाली की पुन्हा चालते. अशी गाडी सकाळी गॅरेजवर नेली की मिस्त्री म्हणतो, "भाऊ, काहीच तर नाही." दुपारी सडकेवर अडकते.

सहा, पायाखालचं पोतं. चिखल लागू नये म्हणून आपण पिकअपमध्ये, जीपमध्ये बारदाना नाहीतर जाड मॅट टाकतो. ती सरकते आणि पेडलच्या वर किंवा खाली जाऊन बसते. हे कारण सगळ्यात फालतू वाटते. याच्यावर पुढं येतो.

आता मुख्य भांडण. ट्यूबचा पट्टा.

स्प्रिंग तुटली की आपल्याकडं पहिला उपाय काय? जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंद पट्टा कापायचा आणि पेडलला गाठ मारून बांधायचा. मिस्त्री बांधून देतो, मालक खूश, "वीस रुपयांत काम झालं." मी गेल्या काही वर्षांत इतके पट्टे पाहिले की कंपनीनंच ते लावून दिले की काय असं वाटावं.

रबर म्हणजे स्प्रिंग नव्हे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, त्यात मशीनची गरमी वेगळी. त्या गरमीत रबर वाळते, तडकते. डिझेल लागलं की ते फुगते आणि मऊ पडते. थंडीच्या सकाळी ते ताठ असते, दुपारी ढिलं. म्हणजे सकाळी गाडी एक सांगते आणि दुपारी दुसरं. आणि पट्टा ढिला पडला की आपण काय करतो? दुसरा पट्टा त्याच्यावर बांधतो. मग पेडल इतकं जड होते की चालवणाऱ्याचा पाय दुखतो, आणि तो पाय-रेस सोडून सडकेवरही हात-रेसवर गाडी चालवतो. एक धोका बुजवला, दुसरा उघडला.

अडचणीत रात्री वावरातून घरी यायला पट्टा बांधला, ठीक आहे, मी समजू शकतो. पण तो पट्टा दुसऱ्या दिवशी निघाला पाहिजे. आपल्याकडं तो दोन-दोन साल निघत नाही.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो. याला मिस्त्री लागत नाही. दोन माणसं आणि पंधरा मिनिटं पुरतात.

पहिलं: गाडी सपाट जागी, चाकाला दगड, मशीन बंद. पायाखालचं पोतं, मॅट, पाण्याची बाटली, पाना, सगळं बाहेर. आता पेडल हातानं पूर्ण दाबा आणि एकदम सोडा. टक्‌ करून वर आलं पाहिजे. अर्धं दाबून सोडा, थोडंसं दाबून सोडा. प्रत्येक वेळी तसंच आलं पाहिजे. हळू आलं म्हणजे अडकलं, असंच समजा. आज हळू येणारं उद्या येणारच नाही.

दुसरं: एक जण पेडलवर, एक जण पंपापाशी. पेडल सोडल्यावर पंपावरची लिव्हर मागच्या स्क्रूला जाऊन टेकते का पाहा. टेकायला पाहिजे. पेडल वर आलं पण लिव्हर टेकली नाही, असंही होते.

तिसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं: पंपाच्या लिव्हरपासून वायर किंवा दांडी काढून टाका. आता रोगाचे दोन भाग झाले. लिव्हर नुसत्या हातानं हलवून सोडा. ती झटकन मागं आली तर पंप चांगला आहे, दोष पेडल, दांडी किंवा वायरमध्ये आहे. लिव्हरच अडखळत असेल तर दोष पंपाच्या बाजूला आहे. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा दिवस वाचतो. नाहीतर मिस्त्री आधी वायर बदलतो, मग पेडल, मग पंप खोलतो, आणि बिल तुमचं.

चौथं: दोष पेडलच्या बाजूला असेल तर वायर दोन्हीकडून सुटी करून हातानं ओढून पाहा. खरखर लागली, मध्येच अडली, टोकाला तारा उसवलेल्या दिसल्या, तर वायर गेली. तिच्यात तेल सोडत बसू नका, बदला. वायर मोकळी चालत असेल तर पेडलचा खिळा आणि बूश पाहा.

पाचवं: हीच तपासणी मशीन चांगली गरम झाल्यावर, बंद करून, पुन्हा एकदा. सायलेन्सरजवळची वायर फक्त गरम असतानाच पकडीत सापडते. हात भाजणार नाही एवढं पाहजा.

सहावं: ज्या जुन्या जीप-पिकअपला वायरच्या जागी दांडी आहे, तिथं मशीनचं फाउंडेशन रबर पाहा. ते तुटलं असेल तर चढावर जोर लागला की मशीन एका अंगाला उचलते आणि दांडी स्वतःच ओढली जाते. मशीन उचलली की रेस वाढते, रेस वाढली की मशीन आणखी उचलते. अशी गाडी उभी असताना शंभर वेळा तपासा, दोष दिसणार नाही. चढावर ओझं घेतलं की दिसते.

सातवं: लिव्हर स्क्रूला टेकली आहे, तरीही मशीन ओरडते आहे, तर मग हा पेडलचा रोग नाही. पंपाच्या आत काही जाम आहे, किंवा मशीन स्वतःचंच ऑइल जाळते आहे. इथं आपण हात लावायचा नाही. पंपाचा सील तोडायचा नाही. पंपवाल्याकडंच न्यायचं, आणि चालवत न्यायचं नाही.

दुरुस्ती याहून सोपी. पेडलचा सांधा डिझेलनं धुवा, ब्रशनं माती काढा, वाळू द्या, मग थोडं पातळ ऑइल. ग्रीसचा गोळा फासू नका. उघड्या सांध्यावर ग्रीस म्हणजे मातीला आमंत्रण. बूश झिजला असेल तर बदला. स्प्रिंग त्याच गाडीची, त्याच मापाची घ्या. जिथं कंपनीनं दोन दिल्या तिथं दोन लावा. नवी वायर टाकताना ती सायलेन्सरपासून लांब न्या, तिला कुठं काटकोनात वळवू नका. पाय काढलेला असताना तिच्यात जराशी ढील ठेवा, आणि पूर्ण दाबल्यावर पेडल खाली टेकलं पाहिजे, वायर ताणली जायला नको. या सगळ्याचा खर्च तुमच्या कपाशीवरच्या एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी येतो. मी कमी म्हणतो, बरोबर नाही.

मग प्रश्न असा, इतकं सोपं, इतकं स्वस्त, तरी आपण करत काहून नाही?

माझं उत्तर कडू आहे. कारण ती गाडी बहुतेक वेळा आपण चालवत नाही. चालवतो सालगडी. चालवतो रोजानं आलेला पोऱ्या. आणि मागं ट्रॉलीत बसतात वेचणीच्या बाया. रेस अडकली तर ज्याचा जीव जातो त्याच्या हातात गाडीचा खर्च नसतो, आणि ज्याच्या हातात खर्च असतो तो घरी ओट्यावर असतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या शेजारच्या शिवारात एक जुना ट्रॅक्टर वेचणीच्या बायांना घेऊन गावाकडं निघाला. नाल्याच्या उतारावर रेस अडकली. पोऱ्यानं ब्रेक दाबला, पण दोन ब्रेक पेडलांना जोडणारी पट्टी उघडीच होती. वावरात वळायला सोपं पडते म्हणून ती दिवसभर उघडी असते आणि सडकेवर येताना कोणी लावत नाही. एका बाजूचा ब्रेक लागला, ट्रॅक्टर फिरला, ट्रॉली धुऱ्यावर आडवी झाली. कापसाच्या गाठोड्यांनी बाया वाचल्या. एकीचं मनगट मोडलं, एकीच्या बरगड्यांना मार बसला. मी पोचलो तेव्हा पेडलला ट्यूबचा पट्टा लोंबत होता, मी डोळ्यानं पाहिला. संध्याकाळी ट्रॅक्टर घरी ओढून आणला तेव्हा तिथं नवीकोरी स्प्रिंग होती. आणि गावात एकच वाक्य फिरत होतं: "पिऊन होता तो."

तो पिऊन नव्हता. त्यानं दिवाळीआधीच सांगितलं होतं की रेस अडकते. गुढीपाडव्यापर्यंतचं त्याचं साल बाकी होतं, त्याला मध्येच काढलं, आणि घेतलेली उचल परत मागितली. मनगट मोडलेल्या बाईला दवाखान्याचे पैसे मिळाले, बुडालेल्या रोजाचे नाही.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १९० वाचा. सार्वजनिक जागी धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाराच नाही, ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात दोषी आहे. दोष त्याला माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढं पुरते. "मला काय माहीत" हे उत्तर तिथं चालत नाही. पण कलम कागदावर राहते, कारण मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहायला येईपर्यंत पट्टा गेलेला असतो. म्हणून माझं सांगणं: अपघात झाला की जखमींना आधी दवाखान्यात न्या, आणि त्याच वेळी कोणीतरी पेडलचा, पंपाच्या लिव्हरचा आणि ब्रेकच्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढा. चालवणाऱ्याची चूक असेल तर तीही त्यातून दिसेल. सैल चप्पल पेडलखाली गेली, चिखलाचा बूट दोन पेडलांवर पडला, असंही होते. मी काही प्रत्येक वेळी मालकालाच फासावर द्या म्हणत नाही. पाहून ठरवा म्हणतो.

काही जण म्हणतील, हे जुन्या गाड्यांचं दुखणं, नवी घेतली की मिटलं. त्यांच्यासाठी अमेरिकेची एक गोष्ट. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस गाडीचा एक्सलेटर अडकला आणि गाडीतली चारही माणसं गेली. चालवणारा तिथला महामार्ग पोलीस होता, म्हणजे शिकाऊ नव्हता. गाडी त्याची स्वतःची नव्हती, डीलरनं वापरायला दिलेली होती. कारण काय निघालं? पायाखाली दुसऱ्या मॉडेलची मॅट टाकलेली होती, तिच्यात पेडल अडकलं. आणि तीच गाडी त्याच्या आधी ज्या गिऱ्हाइकाकडं होती, त्याच्याकडंही पेडल तसंच अडकलं होतं. त्यानं गाडी परत करताना डीलरकडं ते सांगितलं होतं.

सांगितलं होतं. आपल्याकडच्या सालगड्यासारखंच.

त्यानंतर टोयोटानं मॅटसाठी ३८ लाखांच्या आसपास गाड्या माघारी बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये आणखी २३ लाख गाड्या, या वेळी खुद्द पेडलच झिजून आणि ओलाव्यानं चिकटत होतं म्हणून. त्यावरचा उपाय होता पेडलमध्ये बसवायचा एक छोटा लोखंडी तुकडा. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष असेल म्हणून नासाकडून तपासणी करवली, २०११ मध्ये अहवाल आला, तसा दोष सापडला नाही. आणि २०१४ मध्ये, लोकांपासून माहिती दडवली म्हणून, कंपनीला अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरावे लागले. मॅट आणि पेडल. एवढीशी गोष्ट. आता आपल्या पिकअपमधला बारदाना आठवा आणि सांगा, फालतू कारण आहे का?

दुसरं म्हणणं: "आपल्या गाड्या कुठं पळतात, हळूच तर चालतात." भाऊ, ते दिवस गेले. अमरावती-अकोला महामार्ग आठवा. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. चांगली गोष्ट आहे, मलाही अभिमान आहे. पण रस्ता नवा झाला म्हणून त्याच्यावर चढणारा आपला ट्रॅक्टर नवा होत नाही. मागून ऐंशी-नव्वदच्या वेगानं ट्रक येत असतो, आणि आपण कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगकडं वळत असतो. तिथं दोन सेकंद उशिरा येणारी रेस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दुसरीकडं परतवाड्याहून चिखलदऱ्याचा किंवा सेमाडोहचा घाट. उतारावर ओझ्याची गाडी गिअरनं धरायची असते. रेस अडकली की गिअर धरत नाही, उलट ढकलतो, आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की तोही सोडून देतो. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "ब्रेक फेल" छापून येते.

तिसरं म्हणणं: "पैसा नाही." कापसाला भाव नाही, सोयाबीन हमीभावाखाली जाते, हे मला शिकवू नका, मीही तेच विकतो. पण दसऱ्याला याच ट्रॅक्टरला झेंडूचा हार, लिंबू, नारळ, पेढे होतातच ना? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदमळणी करतो. ती नुसती पूजा नाही. खांदा चोळताना कुठं सूज आहे, कुठं जखम आहे, ते हाताला कळते. आपल्या म्हाताऱ्यांनी तपासणीलाच सण करून ठेवलं होतं. ट्रॅक्टरला आपण हार घालतो आणि बोनट उघडत नाही.

आता रेस अडकलीच तर काय करायचं. हे चालवणाऱ्यांसाठी, आणि मालकांनी त्यांना एकदा उभं करून शिकवण्यासाठी.

सपाटीवर असाल तर क्लच पूर्ण दाबा, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, थांबल्यावर न्यूट्रल करा आणि स्टॉपर ओढून मशीन बंद करा. क्लच दाबल्यावर मशीन जोरात ओरडेल. ओरडू द्या. डिझेलच्या गव्हर्नरला वरची हद्द बांधलेली असते. "मशीन फुटेल" या भीतीनं लोक क्लच दाबत नाहीत आणि जीव घालवतात.

उतारावर ओझं असेल तर गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच दाबू नका, आधी स्टॉपर ओढा आणि सोबत ब्रेक दाबा. डिझेल बंद झालं की तीच मशीन गाडीला धरते. ज्या गाडीला स्टॉपर नाही, चावीनं बंद होते, तिथं चावी फक्त एक खटका मागं घ्या. चावी बाहेर काढायची नाही, स्टेरिंग लॉक होईल.

खाली वाकून हातानं पेडल उचलायला जाऊ नका. आणि ट्रॅक्टर सडकेवर असेल तर ब्रेकची पट्टी लावलेलीच पाहिजे. स्टॉपरही चालू आहे का ते पाहून ठेवा. कितीतरी ट्रॅक्टरचा स्टॉपर तुटलेला असतो आणि मशीन गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून बंद पाडतात. ज्याचा स्टॉपर तुटलेला आहे आणि रेसला पट्टा आहे, तो ट्रॅक्टर त्या दिवशी गोठ्यातच राहू द्या.

शेवटी आपल्या कृषी सहायकांना, कृषी सेवा केंद्रवाल्या भावांना आणि विद्यापीठात शिकलेल्या पोरांना एक विनंती. तुम्ही बांधावर येता, बोंड फोडून अळी दाखवता, कामगंध सापळा लावून देता. २०१७ मध्ये यवतमाळकडं फवारणी करताना माणसं मेली, त्यानंतर मास्क-हातमोजे तुमच्या प्रत्येक बैठकीत आले. तेव्हाही आधी बोट फवारणाऱ्याकडंच दाखवलं गेलं होतं. यंत्राचंही तसंच होऊ नये. सीतादहीच्या आधीच्या बैठकीत दहा मिनिटं रेस, स्टॉपर आणि ब्रेकच्या पट्टीला द्या. एका ट्रॅक्टरवर लिव्हर सुटी करून दाखवा. अळी दाखवता तशीच दाखवा.

आणि मालकांनो, तुमचा माणूस म्हणाला "रेस अडकते", तर त्याला "झटका दे" म्हणू नका. चावी काढून घ्या आणि वायर आणायला जा. वेचणी एक दिवस पुढं गेली तर कापूस बोंडातच राहतो, पळून जात नाही.

यंदाची वेचणी सुरू व्हायला अजून वेळ आहे. उद्या सकाळी पंधरा मिनिटं काढा. पट्टा दिसला तर कापा.